गॅस गिझर की इलेक्ट्रिक? बिलाआधी बाथरूमची खिडकी पाहा

थंडी सुरू झाली की नवा गिझर घेणाऱ्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. आधी खर्च पाहू. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.6 युनिट वीज लागते. चौघांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या, तर महिन्याला सुमारे 70 युनिट. युनिट 10 रुपयांना पडत असेल तर 700 रुपये. तेवढ्याच पाण्याला 14.2 किलोचा जवळपास अर्धा सिलिंडर लागतो. सिलिंडर 900 रुपयांचा धरला तर 450.

म्हणजे गॅस 250 रुपयांनी स्वस्त. पण खरा प्रश्न हवेचा आहे.

बंद बाथरूममध्ये ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते. पुढे कडी काढून बाहेर येण्याचेही त्राण उरत नाही. आंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेरच आली नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या यामुळेच.

गिझर मोकळ्या गॅलरीत बसवून फक्त पाण्याचा पाइप आत आणता येत असेल, तर गॅस जरूर घ्यावा. फ्लॅटच्या बाथरूमला डक्टकडे उघडणारी वीतभर खिडकी असेल, तर इलेक्ट्रिकच बरा. मात्र अर्थिंग आधी तपासून घ्यावे आणि बटण दिवसभर सुरू ठेवू नये.