सही कोणाची?

कामगाराला मस्टरची किंमत सांगावी लागत नाही. तोंडाने कोणी काहीही म्हणो, वाद पेटला की शेवटी मस्टरच उघडले जाते. या वेळी आम्ही वाचकांना अशा एका इतिहासकाराची ओळख करून देत आहोत, ज्याने एका अख्ख्या देशाचे मस्टर उघडले. त्यांचे नाव रॉबर्ट पॅक्स्टन. जन्म १९३२, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९४० साली जर्मनीने फ्रान्सचा पराभव केला आणि मार्शल पेताँ यांनी व्हिशी या गावी आपले सरकार थाटले. युद्ध संपल्यावर पुष्कळ फ्रेंच लोकांनी स्वतःची अशी समजूत घातली, की पेताँ ढाल होऊन उभे राहिले आणि जे वाईट घडले ते जर्मनांनी करविले. ही समजूत सर्वांनाच सोयीची होती.

पॅक्स्टन १९६० साली पॅरिसला गेले, तेव्हा त्या काळाची सरकारी दप्तरे बंद होती. म्हणून त्यांनी अमेरिकन फौजेने हस्तगत केलेली जर्मन कागदपत्रे वाचायला घेतली. गंमत पाहा, फ्रान्सचे खरे शत्रूच्या पत्रव्यवहारात सापडले! जर्मनांनी मागण्याआधीच व्हिशी सरकार सहकार्याचा हात पुढे करीत होते. ज्यू लोकांना सरकारी नोकरीतून, शाळांतून, वृत्तपत्रांतून काढणारा ३ ऑक्टोबर १९४० चा कायदा व्हिशीने आपल्याच मनाने केला होता. हे सारे सांगणारे त्यांचे पुस्तक १९७२ साली निघाले आणि १९७३ साली फ्रेंच भाषेत आले. तिकडे एकच गहजब उडाला. हा परका माणूस, याला आमचे दुःख काय कळणार, असेही लोक बोलले.

पण कागद काय सांगतात? १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यू पकडले गेले. त्यांत ४ हजारांहून अधिक मुले होती. दारावर थाप मारणारे पोलीस फ्रेंच होते आणि त्यांच्या हातातील नावांची कार्डे फ्रेंच कचेरीत तयार झाली होती. कुटुंबांना सायकल शर्यतीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये उकाड्यात, पुरेशा पाण्यावाचून कोंडले. पुढे छावणीत आयांपासून लेकरे तोडली आणि मागाहून त्यांनाही आउशवित्झला धाडले. वाचणाऱ्या मायबहिणींना आम्ही अधिक काय सांगावे?

यात फ्रेंच राज्याचा हात होता, हे राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी जाहीरपणे कबूल केले ते १६ जुलै १९९५ रोजी. मध्ये ५३ वर्षे गेली.

१९९७ साली बोर्दो येथे मोरिस पापाँ यांच्यावर खटला उभा राहिला. युद्धकाळात ते तेथील मोठे अधिकारी होते. ज्यूंच्या रवानगीच्या कागदांवर त्यांच्या सह्या होत्या. युद्धानंतर हेच गृहस्थ मंत्रीपदापर्यंत चढले! पॅक्स्टन यांनी न्यायालयात साक्ष दिली. हांरी रूसो या फ्रेंच इतिहासकाराने मात्र साक्षीला नकार दिला. इतिहास आणि न्यायनिवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्याचे म्हणणे. मुद्दा हलका नाही. तरीही आमचे मत पॅक्स्टन यांच्या बाजूचे आहे. ज्याने कागद वाचले त्याने ते चारचौघांत बोलून दाखवावे, नाहीतर आरोपी म्हणेल तोच इतिहास ठरतो. एप्रिल १९९८ मध्ये पापाँ यांना १० वर्षांची शिक्षा झाली.