प्रशिक्षकाची खुर्ची

व्यावसायिक खेळाडूचे मैदानावरील आयुष्य अल्प असते. पस्तिशीच्या आसपास पाय साथ देईनासे होतात आणि उरलेल्या आयुष्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. लंडनमध्ये १९५१ साली जन्मलेल्या क्लाइव्ह चार्ल्स यांनी या प्रश्नाचे शोधलेले उत्तर अमेरिकेतील महिला फुटबॉलच्या इतिहासाचा भाग होऊन बसले आहे. मात्र त्या उत्तराचे मोल केवळ जिंकलेल्या करंडकांवरून ठरविणे योग्य होणार नाही.

चार्ल्स हे वेस्ट हॅम आणि कार्डिफ सिटी या संघांचे बचावपटू. एप्रिल १९७२ मध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात वेस्ट हॅमने तीन कृष्णवर्णीय खेळाडू एकाच वेळी उतरविले. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत असे प्रथमच घडत होते आणि त्या तिघांपैकी एक चार्ल्स होते. १९७८ मध्ये ते अमेरिकेतील पोर्टलंड टिम्बर्स संघात दाखल झाले व पुढे त्याच शहरात स्थायिक झाले. १९८६ मध्ये पोर्टलंड विद्यापीठाने आपला पुरुष संघ त्यांच्या हाती सोपविला आणि १९८९ मध्ये महिला संघही.

विद्यापीठांमध्ये महिलांचे संघ उभे राहिले, ते कोणाच्या औदार्यामुळे नव्हे. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मनाई करणारा, ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा १९७२ मध्ये झाला. त्याच्या आधारे मुलींना मैदान मिळाले, शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि १९८२ पासून महिला फुटबॉलची राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धाही सुरू झाली.

परंतु याच कायद्याची एक विपरीत फलश्रुती फारशी बोलली जात नाही. १९७२ पूर्वी महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियाच होत्या. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरले. जोवर हे काम अल्प मोबदल्याचे होते, तोवर ते स्त्रियांचे मानले गेले. त्यास वेतन आणि प्रतिष्ठा लाभताच पुरुष उमेदवार पुढे आले. फुटबॉलच्या बाबतीत तर व्यावसायिक खेळाचा अनुभव ही पात्रता समजली जाई आणि ती संपादन करण्याचा मार्गच स्त्रियांना बंद होता. अमेरिकेत महिलांची पहिली पूर्ण व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली ती २००१ मध्ये, आणि २००३ मध्ये तीही बंद पडली. कायद्याने मुलींना मैदान दिले. प्रशिक्षकाची खुर्ची मात्र त्यांच्या हातून निसटली.

चार्ल्स हेही याच लाटेबरोबर त्या खुर्चीवर आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग त्यांचे मूल्यमापन कसे करावे? पहिली गोष्ट अशी की, महिला संघ म्हणजे दुय्यम काम, असे त्यांनी मानले नाही. दोन्ही संघांची धुरा त्यांनी अखेरपर्यंत एकाच वेळी वाहिली. १९९६ मध्ये ऑलिंपिकमध्ये महिला फुटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा अंतिम सामन्यात अमेरिकेने चीनचा २-१ असा पराभव केला. ते दोन्ही गोल करणाऱ्या शॅनन मॅकमिलन आणि टिफनी मिलब्रेट या चार्ल्स यांच्याच विद्यार्थिनी. त्यांच्या संघाने १९९५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना गमावला होता. विजेतेपद लाभले ते २००२ मध्ये, जादा वेळेत सांता क्लारा संघाला २-१ असे हरवून. दोन्ही गोल क्रिस्टीन सिंक्लेअर यांचे होते. पुढे कॅनडाकडून १९० आंतरराष्ट्रीय गोल करून त्यांनी स्त्री-पुरुष सर्वांना मागे टाकले. हे विजेतेपद मिळाले, तेव्हा चार्ल्स कर्करोगाशी झुंजत होते. ऑगस्ट २००३ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तथापि, त्यांच्या कार्याचा खरा कस लागला तो त्यांच्या पश्चात. त्यांचे सहकारी गॅरेट स्मिथ यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ मध्ये पोर्टलंडने पुन्हा विजेतेपद मिळविले. आणि २०१७ च्या अखेरीस महिला संघाच्या प्रशिक्षकपदी मिशेल फ्रेंच यांची नियुक्ती झाली. नव्वदीच्या दशकात त्या चार्ल्स यांच्या संघातून खेळल्या, सिडनी ऑलिंपिकच्या रौप्यपदक विजेत्या संघात होत्या, अल्पजीवी ठरलेल्या त्या व्यावसायिक साखळीतही खेळल्या आणि नंतर अमेरिकेच्या वीस वर्षांखालील महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. पूर्वी जी पात्रता केवळ पुरुषांपाशी असे, ती घेऊन गुरूच्या खुर्चीवर त्यांची शिष्या बसली.

एका नियुक्तीने सारा हिशेब चुकता होत नाही. शिष्येला गुरूची जागा घेण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली, हेही विसरता येत नाही. केवळ गुणवंत गुरू भेटण्यावर हा बदल सोडून देणे विद्यापीठांना शोभणारे नाही. खेळातून निवृत्त होणाऱ्या मुलींना सहायक प्रशिक्षकाची सवेतन पदे देणे, त्यांचे रीतसर प्रशिक्षण करणे आणि मुख्य पद रिक्त होताच त्यांचा प्रथम विचार करणे, हे संस्थेचे कर्तव्य आहे. विद्यार्थ्यांकडून उत्तम कामगिरी करून घेणे हे शिक्षकाचे यश खरेच. पण आपली जागा घेईल असा विद्यार्थी घडविणे आणि वेळ येताच ती जागा त्याला मिळणे, यातच त्या यशाची पूर्तता आहे.