पोलिसाची नोकरी वेगळी, वर्दीचा परवाना वेगळा

रिक्षा चालवायची तर परवाना लागतो, बॅज लागतो. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, वकिलाला सनद. एका हॉस्पिटलने डॉक्टरला काढलं तर तो दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ शकतो, पण कौन्सिलने यादीतून नावच काढलं की प्रॅक्टिस बंद. मग ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे, जो मध्यरात्री दार ठोठावून आपल्या पोराला घेऊन जाऊ शकतो, त्याला असा परवाना का नको?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलं आहे. बोस्टन ज्या राज्यात आहे ते हे राज्य. ३१ डिसेंबर २०२० रोजी तिथले तेव्हाचे गव्हर्नर चार्ली बेकर यांनी पोलीस सुधारणांच्या कायद्यावर सही केली आणि एक नवा आयोग जन्माला आला. नाव लांबलचक आहे, ‘पीस ऑफिसर स्टँडर्ड्स अँड ट्रेनिंग कमिशन’. तिकडे त्याला थोडक्यात ‘पोस्ट’ म्हणतात. हा आयोग प्रत्येक पोलिसाला परवाना देतो, आणि वेळ आली तर काढून घेतो. कायद्याच्या भाषेत ते प्रमाणपत्र आहे, पण कामाने तो परवानाच. तो गेला की राज्यातलं कुठलंही पोलीस खातं त्या माणसाला नोकरीवर ठेवू शकत नाही.

सात समुद्रापलीकडच्या या आयोगाबद्दल आम्ही इथे का लिहितोय? कारण आपल्याकडे कोठडीतल्या मारहाणीची बातमी आली की पाठोपाठ दोन शब्द ठरलेले असतात: निलंबन आणि चौकशी. लोकांचा राग शांत होतो, वर्तमानपत्रातली बातमी आतल्या पानावर जाते, आणि काही वर्षांनी तोच अधिकारी पुन्हा खुर्चीत दिसतो. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हे ज्या घरांनी भोगलंय त्यांना सांगायची गरज नाही.

क्लीव्हलँडची गोष्ट

अमेरिकेत पोलीस खातं एक नाही. तिथे साधारण १८ हजार वेगवेगळी खाती आहेत. शहराचं वेगळं, काउंटीचं वेगळं, विद्यापीठाचंसुद्धा वेगळं. त्यामुळे एका गावात काढलेला पोलीस शेजारच्या गावात अर्ज करतो आणि लागतोही. अशा पोलिसांना तिथले अभ्यासक ‘भटके अधिकारी’ म्हणतात. बेन ग्रुनवाल्ड आणि जॉन रॅपापोर्ट या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी फ्लोरिडा राज्यातल्या सुमारे ९८ हजार पोलिसांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. २०२० मध्ये त्यांनी दाखवून दिलं की कुठल्याही एका वर्षात तिथे जवळपास ११०० पोलीस असे काम करत होते, ज्यांना आधी कुठल्यातरी खात्याने काढलेलं होतं. आणि हे लोक पुन्हा काढले जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती.

हा आकडा माणसात कसा दिसतो ते ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराने पाहिलं. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी टमीर राइस नावाचा बारा वर्षांचा काळा मुलगा एका बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि दोनेक सेकंदांत टिमोथी लोहमन या पोलिसाने गोळी झाडली. मुलगा गेला. नंतर बाहेर आलं की लोहमन आधी जवळच्या इंडिपेंडन्स या गावाच्या पोलीस खात्यात होता. तिथल्या वरिष्ठांनी लिहून ठेवलं होतं की हा माणूस मनाने या कामाला तयार नाही, आणखी वेळ किंवा प्रशिक्षण देऊनही फरक पडणार नाही. क्लीव्हलँडने नोकरी देताना ती फाइल उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

ग्रँड ज्युरीने लोहमनवर खटला चालवायचा नाही असं ठरवलं. २०१७ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं, पण गोळीसाठी नाही, नोकरीच्या अर्जात खोटी माहिती दिली म्हणून. इथेही गोष्ट संपत नाही. २०१८ मध्ये ओहायोमधल्याच एका छोट्या गावाने त्याला घेतलं, आरडाओरडा झाल्यावर त्याने माघार घेतली. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायोगा गावाने घेतलं, तिथेही लोक रस्त्यावर आल्यावर काही दिवसांत माघार. म्हणजे दोन्ही वेळा अडवलं ते लोकांनी.

आयोग करतो काय?

आयोगात नऊ सदस्य आहेत. गव्हर्नर आणि राज्याचे अॅटर्नी जनरल त्यांना नेमतात. त्यातले सहा सामान्य नागरिक आणि तीन पोलीस खात्यातले. पहिल्या अध्यक्ष मार्गारेट हिंकल या निवृत्त न्यायाधीश होत्या. बहुमत पोलिसांचं नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे पोलिसाची चौकशी पोलीस करतो आणि कुटुंबाने त्याच्यावर भरवसा ठेवावा अशी अपेक्षा असते.

परवाना एकदा मिळाला की जन्मभराचा, असंही नाही. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. नव्याने येणाऱ्याला प्रशिक्षण, पूर्वेतिहासाची पडताळणी, शारीरिक आणि मानसिक क्षमतेची तपासणी, तोंडी मुलाखत यांतून जावं लागतं. आधीपासून नोकरीत असलेल्या सुमारे २० हजार पोलिसांना आडनावाच्या अद्याक्षरानुसार तीन गटांत बोलावलं. पहिला गट २०२२ मध्ये, शेवटचा २०२४ मध्ये. त्यांना प्रश्नावली दिली, त्यात सोशल मीडियावर कुठल्या समाजाबद्दल द्वेषाचं काही लिहिलंय का, असाही प्रश्न होता. पोलीस युनियन लगेच कोर्टात गेल्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय काय फिरतं हे माहीत असलेल्या आपल्या वाचकांना त्या प्रश्नाचं मोल समजेल.

तक्रारीचं काय? कुठल्याही खात्याकडे पोलिसाविरुद्ध तक्रार आली की ती कामाच्या दोन दिवसांत आयोगाला कळवणं बंधनकारक आहे. सामान्य माणूस थेट आयोगाकडेही जाऊ शकतो. पोलिसावर गंभीर गुन्हा दाखल झाला की परवाना लगेच स्थगित होतो. आणि चौकशी चालू असताना राजीनामा टाकला तरी सुटका नाही, आयोग चौकशी पुढे नेऊन परवाना रद्द करू शकतो. रद्द झालेल्यांची नावं देशपातळीवरच्या एका यादीत जातात, म्हणजे शेजारच्या राज्याने नोकरी देण्याआधी पाहिली तर दिसावीत. पाहिली तर. लोहमनच्या बाबतीत फाइल होतीच की.

आयोगापुढे गोष्ट सिद्ध करण्याचा निकष फौजदारी खटल्यापेक्षा खालचा आहे, हेही समजून घ्यायला हवं. तुरुंगात पाठवायचं तर संशयाला जागा उरता कामा नये. परवाना काढायला ‘स्पष्ट आणि पटण्याजोगा’ पुरावा पुरतो. ते बरोबरही आहे, कारण इथे कुणाचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही, एक अधिकार काढून घेतला जातो. शिवाय या कायद्याने नागरिकाला पक्षपात न करता वागवलं जाण्याचा हक्क दिला आहे. वंश, लिंग, अपंगत्व यांच्यासोबत त्यात धर्मही लिहिलेला आहे. त्या हक्काचा भंग झाला आणि त्यापायी परवाना गेला, तर भरपाईच्या दाव्यात त्या पोलिसाला एरवी मिळणारं कायद्याचं कवच मिळत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या. दोन हजारांहून जास्त अधिकारी, सिद्ध झालेल्या तीन हजारांहून जास्त तक्रारी. आपल्या वस्तीत फिरणाऱ्या पोलिसाचं नाव टाकायचं आणि पाहायचं.

सगळं आलबेल आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. बहुतेक तक्रारींची पहिली चौकशी अजूनही ज्याचं त्याचं खातंच करतं. परवाना कायमचा गेलेल्यांची संख्या २० हजारांच्या मानाने अगदी थोडी आहे. आणि राजकारणाचा वारा फिरला की काय होतं तेही अमेरिकेनेच दाखवलं: बायडन यांच्या आदेशाने केंद्रीय पोलिसांच्या गैरवर्तनाची एक नोंदवही सुरू झाली होती, ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला आणि ती नोंदवही बंद पडली. मॅसॅच्युसेट्सचा आयोग टिकलाय, कारण त्याच्या मागे विधिमंडळाने केलेला कायदा आहे.

आपल्याकडचा पोलीस भटकत नाही, परत येतो

महाराष्ट्रात पोलीस दल एकच आहे. त्यामुळे क्लीव्हलँडसारखं गावोगाव भटकायची गरज पडत नाही. इथली वाट वेगळी आहे, आणि ती ख्वाजा युनूसच्या प्रकरणात स्पष्ट दिसते.

परभणीचा हा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर दुबईत नोकरीला होता. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. तो कधीच सापडला नाही. सीआयडीच्या तपासात चौदा पोलिसांची नावं पुढे आली, सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांपुरती. त्यातले एक सचिन वाझे. २००४ मध्ये निलंबन झालं. जून २०२० मध्ये कोरोनाच्या काळात मनुष्यबळ कमी पडतंय असं कारण देऊन वाझे आणि त्याच प्रकरणातले आणखी पोलीस पुन्हा सेवेत आले. निर्णय कुणाचा? मुंबई पोलीस आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या आढावा समितीचा. खटला तेव्हाही संपलेला नव्हता. युनूसच्या अम्मीने हायकोर्टात अवमान याचिका टाकली. पुढे मार्च २०२१ मध्ये अँटिलियाबाहेर सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात एनआयएने वाझेंना अटक केली आणि मे महिन्यात त्यांना बडतर्फ करण्यात आलं.

२०२० मध्ये वाझेंवरचा आरोप सिद्ध झालेला नव्हता, हे खरं आहे आणि ते आम्ही मुद्दाम लिहितोय. पण खून आणि पुरावा नष्ट केल्याच्या आरोपाचा खटला अंगावर असलेल्या माणसाच्या हातात पुन्हा तपासाचे अधिकार द्यायचे की नाही, हा निर्णय त्याच्याच खात्याने घ्यावा का? मॅसॅच्युसेट्समध्ये हा प्रश्न आयोगापुढे गेला असता, आणि आयोगात बहुमत नागरिकांचं आहे. आपल्याकडे तो खात्याबाहेर गेलाच नाही.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. त्याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवावा यासाठी त्याच्या आईला थेट हायकोर्टापर्यंत जावं लागलं.

प्राधिकरण आहे, परवाना नाही

महाराष्ट्रात काहीच नाही असंही नाही. प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रत्येक राज्याला पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक असतील असंही म्हटलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागलं २०१७ मध्ये. कोर्टाचा आदेश ते पहिली सुनावणी, मध्ये दहा वर्षं. अध्यक्षपदी हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, खंडणी अशा तक्रारी तिथे करता येतात. पण प्राधिकरण चौकशी करून अहवाल सरकारला देतं, पुढची कारवाई सरकारच्या हातात. वर्दी काढून घेण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही, आणि कुठल्या अधिकाऱ्याविरुद्ध किती तक्रारी खऱ्या ठरल्या हे नावानिशी पाहता येईल अशी यादीही नाही. निवडणुकीच्या वेळी मोहल्ल्यात येणाऱ्या उमेदवाराला या दोन गोष्टींबद्दल विचारायला हरकत नाही. विधानसभेत कायदा बदलून दोन्ही करता येण्यासारख्या आहेत.

तोवर जे दार आहे ते ठोठवायला हवं. आपल्या घरांत पोलिसांचा त्रास झाला की पहिला फोन नगरसेवकाला किंवा एखाद्या ‘भाईं’ना जातो, पोरगा सुटून आला की सगळे गप्प बसतात, आणि कागदावर काहीच राहत नाही. मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या, अटकेत असलेल्याची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी हे सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू खटल्यातच सांगितलेलं आहे. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे ते ठरावीक काळ ठेवावं लागतं आणि पीडिताला त्याची प्रत मागता येते, पण उशीर झाला तर हाती काही लागत नाही. तक्रार लेखी, प्रतिज्ञापत्रासह, तारीख-वेळ आणि पोलिसाच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून प्राधिकरणाकडे पाठवा. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि प्रत्येक कागदाची पोच घेऊन घरात एका जागी ठेवा.