चित्रकलेच्या तासाला सूट कशासाठी?

कमी दिसणाऱ्या किंवा हाताने अधू असलेल्या मुलाला चित्रकलेच्या तासाला सूट द्यायची, ही आपल्या शाळांमधली सर्वांत सोयीची दया आहे. शिक्षकाची अडचण मिटते, पालकही दुवा देतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, चित्रकला नाही. पण ‘त्याला जमणार नाही, बसू दे’ हे वाक्य मी शिक्षकखोलीत इतक्या वेळा ऐकले आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

बिनोदबिहारी मुखर्जींचे उदाहरण घ्या. जन्म 1904चा. एक डोळा लहानपणापासून निकामी, दुसऱ्याने अगदी जवळचेच दिसे. 1919मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. अशा नजरेचा मुलगा चित्रकार कसा होणार, ही शंका नंदलाल बोस यांनाही आली होती, आणि रवींद्रनाथांनी त्याला राहू द्यायला सांगितले, असे म्हणतात. त्या मुलाने पुढे काय रंगवले? बीरभूमचा उजाड लाल माळ, पावसाने चिरलेली खोआई, एकटे ताड. म्हणजे दूरवरचे दृश्य, जे त्यांच्या डोळ्यांना सर्वांत अवघड!

1946-47मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे भलेमोठे भित्तिचित्र केले. पूर्ण आकाराचा खाका भिंतीवर न उतरवता, ओल्या गिलाव्यावर थेट. त्यात कबीर आहेत, सूरदासही आहेत.

1957च्या सुमारास डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली दृष्टीही गेली. तरी ते कलेचा इतिहास शिकवत राहिले. बोटांनी मेणाच्या लहान आकृत्या घडवल्या, कागद दुमडून, कापून, चिकटवून चित्रे केली. 1972मध्ये कलाभवनात टाइल्सचे मोठे भित्तिचित्र उभे राहिले, त्यात विद्यार्थ्यांचे हात होते. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी. त्यांनी त्याच वर्षी गुरूंवर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला.

‘ते मोठे कलावंत, आमची मुले कुठे?’ असे कोणी म्हणेल. मला त्यांची प्रतिभा दाखवायचीच नाही. 15 वर्षांच्या त्या मुलाला वर्गातून उठवले नाही, एवढेच मला दिसते. आणि मदतीचे हात घेतल्याने ते भित्तिचित्र परके झाले नाही.

आमच्या मोहल्ल्यांत सजीवांच्या चित्रांबद्दल संकोच असतो, पण डोंगर, झाड, नदी यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. मग डिंकाने चिकटवलेली सुतळी नदी का होऊ नये? पॉलिश पेपरचा तुकडा माळरान होतो, कापूस ढग होतो. यासाठी निधी लागत नाही. अपंगांच्या हक्कांचा 2016चा कायदा वाजवी सोयी-सुविधा द्यायला सांगतो. सूट देणे ही त्यातली सर्वांत आळशी वाट आहे.

पुढच्या पालकसभेत आई-वडिलांनी एवढेच विचारावे: चित्रकलेच्या तासाला आमचा मुलगा कुठे बसतो, आणि त्याच्या हातात काय असते?