कन्येचे नाव आणि कन्येचा वाटा



सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि तेथे शिक्षिका म्हणून उभे राहण्याचे धैर्य या खेड्यातील कन्येने दाखविले. त्यांचा जन्मदिन आज राज्यभर बालिका दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्याच सातारा जिल्ह्यात, त्यांच्या जन्मास १८० वर्षे लोटल्यावरही, २८५ मुली ‘नकुशा’ हे नाव घेऊन वावरत होत्या. नकुशा म्हणजे नको असलेली! मुलीला असे नाव ठेवले की पुढचे अपत्य मुलगा होते, ही त्यामागील समजूत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे समारंभ करून या मुलींना सन्मानाची नवी नावे देण्यात आली. स्त्रियांच्या इतिहासात या घटनेची नोंद झालीच पाहिजे.

या घटनेचे मर्म आपल्याला अधिक कळावे. कचरू, धोंडू, दगडी ही नावे आपल्याही पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वागविली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण ती टाकून दिली आणि नव्या नावांबरोबर नवा स्वाभिमान धारण केला. परंतु केवळ नाव पालटल्याने माणसाची स्थिती पालटते काय? मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे, गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाल्यानंतर, पुरलेले १९ भ्रूण पोलिसांना सापडले. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता, आणि १९९४ साली संसदेनेही केला. कायदा होता, मुलगी परक्याचे धन आहे ही भावना मात्र घरात तशीच होती.

या भावनेचे मूळ वारसाहक्कात आहे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच हिंदू संहिता विधेयकात त्यांनी कन्येला वाटा देऊ केला, आणि ते विधेयक रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपदाचा त्याग केला. पुढे १९५६ चा वारसा कायदा झाला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण तोवर विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद मिटला. त्या दिवशी पिता हयात नसला तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असा निर्णय ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर रीतीने झालेल्या वाटण्या त्यामुळे मोडत नाहीत.

कायद्याच्या नावात ‘हिंदू’ शब्द आहे, तेव्हा तो आम्हां बौद्धांना लागू नाही, असे सांगणारे भाऊ आढळतात. हे म्हणणे चुकीचे आहे. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख असून आपल्या कन्यांना तो पूर्णपणे लागू आहे. लग्नात खर्च केला, दागिना घातला, म्हणून वाटा संपला, हेही कायदा मानीत नाही.

तरीही वडिलांचा दिवस होतो न होतो तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. “सही केली नाहीस तर माहेर तुटेल,” एवढे एकच वाक्य पुरते. कायद्याने दिलेले असे घरातल्या ओट्यावर परत घेतले जाते. जमीन ती किती, गुंठाभर घरजागा, असे कोणी म्हणेल. परंतु नवऱ्याने टाकलेल्या वा विधवा झालेल्या बहिणीला त्या गुंठाभर जागेवरच उभे राहता येते!

म्हणून प्रत्येक बौद्ध कुटुंबास माझी विनंती आहे. वारसनोंद करताना मुलींची नावे वगळू नका. बहिणींनो, वाचल्याखेरीज व जाणत्याचा सल्ला घेतल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करू नका. स्वखुशीने हक्क सोडण्यास कोणाची मनाई नाही. पण जी ‘नाही’ म्हणू शकत नाही, तिच्या होकाराला स्वखुशी म्हणता येत नाही. सावित्रीबाईंची तसबीर आपल्या घराघरांत लागली आहे. त्याच घराच्या उताऱ्यावर मुलीचेही नाव लागले, तर त्या तसबिरीला शोभेल असे आपले वर्तन झाले असे म्हणता येईल.

जय भीम!