आधी कुणाचं देणं फेडायचं?

पाच तारखेला एक हप्ता जातो, सात तारखेला दुसरा बाउन्स होतो आणि दहा तारखेपासून फोन सुरू होतात. अशा वेळी बहुतेक घरांत एकच होतं. जो सगळ्यांत जास्त ओरडतो, त्याला हातात असतील ते पैसे देऊन गप्प केलं जातं. दिवसभर फोन लावणाऱ्या ॲपवाल्याला तीन हजार, सोसायटीच्या गेटवर आवाज चढवणाऱ्याला पाच हजार. गृहकर्जाच्या थकलेल्या हप्त्याबद्दल बँकेनं मात्र नुसतं साधं पत्र पाठवलेलं असतं. ते टीव्हीच्या मागे खोचलं जातं.

माझं सांगणं एवढंच आहे: देणी फेडण्याचा क्रम आवाजावरून ठरवू नका. कायद्यानं कोण तुमचं काय नेऊ शकतो, त्यावरून ठरवा. सगळ्यांत गप्प असलेला सावकार बरेचदा सगळ्यांत बळकट असतो.

सगळी देणी एका पानावर

पहिलं काम वहीचं. घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसायचं आणि एकही देणं लपवायचं नाही. नवऱ्याचं कार्ड बायकोला माहीत नाही, बायकोच्या बचत गटाचं कर्ज नवऱ्याला माहीत नाही, अशा घरात कुठलाच उपाय टिकत नाही. प्रत्येक कर्जापुढे पाच गोष्टी लिहा: बाकी किती, व्याज किती, हप्ता किती, तारण काय आणि जामीनदार कोण. आपल्या नावावर नेमकी किती कर्जं आहेत याची खात्री नसेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. पिंपरीतलं एक घर, हातात येणारे ४६,०००. घरखर्च २४,०००, त्यात २,००० ची भिशी. उरतात २२,०००. त्यातून गृहकर्जाचे १४,५००, पर्सनल लोनचे ८,७००, पतसंस्थेचे ४,२०० आणि क्रेडिट कार्डाची ‘मिनिमम ड्यू’ ५,५०० भरायची आहे. बेरीज ३२,९००. म्हणजे दर महिन्याला १०,९०० ची तूट, आणि ती भरायला घेतलेली ॲपची १२,००० ची दोन कर्जं वेगळीच. ही तूट काटकसरीनं भरून निघणारी नाही. चहा-बिस्किटं बंद करून दहा हजार वाचत नाहीत. इथे कर्जांचाच आकार बदलावा लागतो.

कुणाच्या हातात काय आहे?

गृहकर्ज पहिलं. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि कोर्टात दावा न लावता घराचा ताबा घेण्याच्या मागे लागू शकते. नागरी सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये महाराष्ट्रातल्याच एका सहकारी बँकेच्या खटल्यात तो मान्य केला. अशी नोटीस आली की लेखी हरकत नोंदवा आणि वकील गाठा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात.

पतसंस्था दुसरी. कर्ज लहान असलं तरी तिच्या पाठीशी सहकार कायद्याचं कलम १०१ आहे. निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की जप्तीपर्यंत जाता येतं. शिवाय तिथे मेहुण्याची नाहीतर ऑफिसातल्या सहकाऱ्याची जामीनदार म्हणून सही असते. कायद्याच्या दृष्टीनं जामीनदार हा तुमच्याइतकाच देणेकरी असतो. त्याच्या पगारातून कपात सुरू झाली की पैशाबरोबर नातंही जातं.

सोनेतारण तिसरं. मुदत उलटली की लिलावाची नोटीस येते. तेव्हा दागिना सोडवायचा की विकायचा, हे मुदतीआधी तुम्ही ठरवा. लिलावात भाव आणि खर्च दोन्ही तुमच्या हातात राहत नाहीत.

पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड आणि ॲपची कर्जं शेवटी. यांच्याकडे तारण नाही. वसुलीसाठी त्यांना दिवाणी दावा लावावा लागतो आणि तो जिंकला तरी सगळं नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. ज्या दागिन्यापासून धर्मरूढीनं बाईला दूर होता येत नाही, तो दागिनाही नाही. भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भागही सुरक्षित राहतो.

म्हणूनच पीएफ काढून कार्ड भरणं हा वाईट सौदा आहे. ज्या पैशाला कुठल्याही घेणेकऱ्याला हात लावता येत नाही, तो आपणच काढून त्याच्या हातात द्यायचा.

ही कर्जं बुडवा, असं मी म्हणत नाही. घेतलेले पैसे द्यायचेच आहेत. क्रम तेवढा पाळायचा आहे.

कोणत्या कर्जाला कोणता उपाय?

आता त्या पिंपरीच्या घराकडे वळू. कार्डावर १,१०,००० बाकी आहेत. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ३,८५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६९३. ‘मिनिमम ड्यू’चे ५,५०० भरल्यावर मुद्दल कमी होतं फक्त ९५७ रुपयांनी. मिनिमम भरत राहिलं की फोन बंद राहतात आणि कर्ज तसंच राहतं. हे कार्ड आधी कापा. घरात न वापरलेलं सोनं असेल तर ते गहाण टाकू नका, मोडा. सोनं पुन्हा घेता येईल, ४२ टक्क्यांचं व्याज मात्र रोज चढतंय. सोनं नसेल तर बँकेकडे बाकी रकमेचे हप्ते पाडून मागा, त्याचा दर बराच कमी असतो.

या घरानं सोनं मोडून कार्ड आणि ॲपची कर्जं मिटवली असं धरू. गृहकर्ज आणि पतसंस्थेचे मिळून १८,७०० बाजूला काढले की ३,३०० उरतात. भिशी अजून उचललेली नसेल तर सगळ्यांशी बोलून त्यातून बाहेर पडा. उचललेली असेल तर ती भरायलाच हवी. भिशीचे दोन हजार मिळून झाले ५,३००. पर्सनल लोनचे २,४०,००० बाकी आहेत आणि दर १५ टक्के आहे. त्याची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळाली तर हप्ता ८,७०० वरून साधारण ५,७०० वर येतो. आता तूट चारशे रुपयांची. ती घरखर्चातून निघू शकते.

हे फुकट मिळत नाही. त्या पर्सनल लोनवर एकूण व्याज सुमारे ४६ हजारांनी वाढतं. पण दर महिन्याला अकरा हजारांनी बुडणारं घर पाण्यावर येतं. पुढे बोनस किंवा पगारवाढ मिळाली की मुद्दलात भरा.

मुदतवाढ मागायची वेळही महत्त्वाची आहे. हप्ता चुकण्याआधी गेलात तर शाखेत खुर्ची मिळते. ९० दिवस उलटून गेल्यावर वसुली विभागाचा नंबर मिळतो.

सगळी कर्जं एकत्र करून एकच मोठं कर्ज घ्या, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तीन अटी पाळल्या तरच घ्या: नवा दर जुन्यांपेक्षा खरोखर कमी असावा, जुनी कार्डं त्याच दिवशी बंद व्हावीत आणि त्यासाठी घर तारण जाऊ नये. कार्डाचं कर्ज फेडायला घरावर टॉप-अप घेतलात, तर ज्या देण्यामागे तारण नव्हतं त्याला तुम्ही स्वतःहून घर बांधून दिलंत.

सेटलमेंट, म्हणजे दोन लाखांच्या जागी एक लाख भरून खातं मिटवणं, हा खरोखर काहीच उरलं नसेल तेव्हाचा मार्ग. त्याची किंमत आहे. क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमांनुसार ती बँक त्यानंतर किमान १२ महिने तुम्हाला नवं कर्ज देऊ शकत नाही. सेटलमेंट करायचीच असेल तर बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र हातात आल्यावरच पैसे भरा, तेही कर्जखात्यात. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. ‘आम्ही तुमचं कर्ज निम्म्यावर आणतो, तोवर हप्ते बंद करा आणि आमची फी भरा’ म्हणणाऱ्या कंपन्यांपासून चार हात लांब राहा. बँकेशी बोलायला तुम्हाला दलाल लागत नाही.

बँक तयार असेल तर लोकअदालत चांगली. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कमी उत्पन्नाची घरं यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. हेल्पलाइन १५१००.

नादारीचा अर्ज हा अगदी टोकाचा उपाय. तो अजून १९२० च्या कायद्यानं जिल्हा न्यायालयात, आणि मुंबई शहरात १९०९ च्या कायद्यानं उच्च न्यायालयात चालतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग सध्या कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू आहे. वकिलाशिवाय या वाटेला जाऊ नका.

ओरडणाऱ्यांचं काय करायचं?

व्हॉट्सॲपवर एक कागद येतो. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली लाल शिक्का, मध्ये ‘अरेस्ट वॉरंट’, आणि पैसे भरायला क्यूआर कोड. कुठलंही न्यायालय क्यूआर कोड पाठवत नाही. निव्वळ हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, ती दिवाणी बाब आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. दिलेला चेक परत गेला, किंवा पैसे नसल्यानं खात्यावरची हप्त्याची सूचना परत गेली, तर फौजदारी तक्रार होऊ शकते. चेक परत गेल्याची कायदेशीर नोटीस मिळाली की पैसे भरायला १५ दिवस असतात. ती नोटीस कधीही दुर्लक्षू नका. हप्ता झेपणार नसेल तर तारखेच्या आधीच बँकेला लेखी कळवा.

वसुली एजंटनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, हे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. फोन रेकॉर्ड करा आणि आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८. ॲपच्या मागे कुठलीच नोंदणीकृत संस्था नसेल, किंवा फोटो बदलून बदनामीची धमकी येत असेल, तर १९३० वर सायबर तक्रार करा.

आणि खासगी सावकार. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवाना असलेला सावकारही बिगर-शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के, शेतकऱ्याला १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज लावू शकत नाही. महिन्याला दहा टक्के घेणारा कायद्याच्या बाहेर आहे. विनापरवाना सावकारीला कैदेची शिक्षा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात होते. सावकारानं लिहून घेतलेली जमीन परत देण्याचा अधिकारही त्यांना आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही कुणालाच देऊ नका.

कर्जापायी रात्र रात्र झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आधी १४४१६ वर टेलिमानसला फोन करा आणि घरात बोला. कुठल्याही कर्जाचा हप्ता पुढे ढकलता येतो.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. रविवारी वही भरा. सोमवारी सगळ्यांत गप्प असलेल्या घेणेकऱ्याच्या शाखेत जा, पगाराची स्लिप, खात्याचा उतारा आणि लेखी अर्ज घेऊन. अर्जात तीन ओळी पुरेत: उत्पन्न किती, झेपेल तो हप्ता किती, मुदत किती वाढवून हवी. ‘बघतो, या नंतर’ असं उत्तर मिळेल. तरी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पुढे लोकपाल असो की न्यायालय, तुम्ही पळून गेला नव्हतात हे तीच पोच सांगेल.