वाळवीवर घरगुती उपाय पुरेसे आहेत का?

उर्दूत दीमक म्हणा, मराठीत वाळवी म्हणा. पुस्तक खाताना ती भाषा बघत नाही. मी दोन्ही भाषा शिकवते आणि दोन्हींच्या पुस्तकांची माती झालेली पाहिली आहे.

पावसाळा आला की मोबाईलवर उपाय फिरू लागतात. मीठ टाका, रॉकेल ओता, कडुनिंबाचे तेल लावा. यातले सगळेच निरुपयोगी नाही, पण त्यांची मर्यादा समजून घेतली पाहिजे.

भिंतीवर दिसणारी मातीची नळी हा फक्त वाळवीचा रस्ता आहे. घरात शिरणाऱ्या बहुतेक वाळवीची वसाहत जमिनीखाली असते. तिथली राणी दिवसाला हजारो अंडी घालू शकते. रॉकेलने नळीतल्या कामकरी वाळव्या मरतात, राणीला धक्काही लागत नाही. रॉकेल उडून जाते आणि वाळवी दुसऱ्या फटीतून वर येते. वर आगीचा धोका वेगळाच. कडुनिंबाचे तेल वाळवीला काही काळ दूर ठेवते, मग त्याचा असर ओसरतो. बोरिक पावडर खाल्लेली वाळवी मरते, पण ही पावडर लहान मुलांपासून लांबच ठेवावी. मिठावर तर अजिबात विसंबू नये.

घरच्या घरी करण्यासारखा खरा उपाय म्हणजे ओल घालवणे. गळका नळ दुरुस्त करा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर ठेवू नका. नळी मोडून पाहा. काही दिवसांत ती पुन्हा बांधली गेली, तर वसाहत जिवंत आहे. मग जमिनीत औषध सोडणाऱ्या जाणकारालाच बोलवावे. बांधून झालेल्या इमारतींसाठी आयएस ६३१३, भाग ३ हे भारतीय मानक आहे. काम त्यानुसार होणार का, हे आधी विचारून घ्यावे.

कुरआनात सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांच्या काठीची हकीकत आहे. जमिनीतल्या किड्याने ती कुरतडली आणि ते खाली कोसळले, तेव्हाच जिन्नांना त्यांच्या मृत्यूची खबर लागली. बाहेरून सगळे ठीक दिसत होते.

आपल्या मोहल्ल्यांतल्या वाचनालयांची कपाटेही बाहेरून ठीकच दिसतात. त्यातली कित्येक वर्षानुवर्षे कुलूपबंद आहेत. वाळवीला हवा असलेला अंधार आणि निवांतपणा आपणच तिला देतो. या जुम्म्याला एक तरी कपाट उघडा, पुस्तके बाहेर काढा आणि मुलांच्या हातात द्या.